संशोधन प्रयोगशाळा, राष्ट्रीय

संशोधन प्रयोगशाळा, राष्ट्रीय : शासनाच्या द्रव्यसाहाय्याने चालणाऱ्या आणि वैज्ञानिक ज्ञानाचा देशातील उद्योग, शेती, आरोग्य व सार्वजनिक सोयी यांना प्रत्यक्ष उपयोग करून देणे हे ज्यांचे प्रमुख उद्दिष्ट आहे अशा संशोधन संस्था. विद्यापीठातील संशोधनाचे फलित बहुधा निबंध वा ग्रंथ या स्वरूपात प्रकट होते. कारखान्यातील संशोधन शाखेचे फलित त्या कारखान्याच्या मालकीचे असते. राष्ट्रीय प्रयोगशाळांचे स्थान या दोहोंच्या मधे आहे. त्यांनी शोधलेली प्रक्रिया वा यंत्र दुसऱ्या कोणी तरी हाती घेऊन त्याचे उत्पादन केले, तरच तिचा देशाला लाभ होतो. हा ‘दुसरा कोणी तरी’ मिळणे ही या संस्थांची सर्वांत अवघड बाब होय आणि त्यांच्या यशापयशाचा इतिहास बव्हंशी तिच्याशीच निगडित आहे.

या दृष्टीने भारतातील शासकीय संशोधन संस्थांचे दोन गट पडतात. अवकाश वा अणुऊर्जा या क्षेत्रांत संशोधन करणारा विभाग व त्या संशोधनाचा वापर करणारा विभाग एकच असतो. शेती संशोधनातही बियाणे एकदा शेतकऱ्याच्या हाती पडले की, ते पुढे आपोआप पसरते. १९६० नंतरच्या दशकात ‘कल्याण सोना’ व ‘सोनालिका’ हे गव्हाचे वाण अल्पकाळात उत्तर भारतभर गेले, ते यामुळेच. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांना असा हक्काचा ग्राहक नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच परिषदेच्या प्रयोगशाळांचा विचार केला आहे.

इतिहास : अशा संस्थांचा प्रारंभ मोजमापाच्या गरजेतून झाला. विद्युत् उद्योग वाढू लागताच एककांची विश्वसनीय प्रमाणे आवश्यक ठरली आणि १८८७ मध्ये बर्लिन येथे जर्मन शासनाने भौतिकी व तंत्रविद्या यांसाठी एक संस्था स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष हेल्महोल्ट्स हे होते. इंग्लंडमध्ये १९०० व अमेरिकेत १९०१ साली तत्सम संस्था निघाल्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे रंग, औषधे व प्रकाशकीय काच बंद झाल्यावर इंग्लंडने १९१६ मध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधनासाठी स्वतंत्र शासकीय विभाग उघडला.

भारतात हीच निकड दुसऱ्या महायुद्धाने निर्माण केली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य आर्कॉट रामस्वामी मुदलियार यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९४० रोजी शास्त्रीय व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या संचालकपदी लाहोर येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक शांतिस्वरूप भटनागर यांना आणण्यात आले. भटनागर यांची ख्याती एका व्यवहारी प्रश्नामुळे झाली होती. रावळपिंडीच्या अॅटक तेल कंपनीचा विहिरी खोदण्यासाठी वापरला जाणारा चिखल खाऱ्या पाण्याशी संपर्क येताच घट्ट होऊन खोदकाम अडत असे. त्यात देशी डिंक मिसळल्यास तो पातळ राहतो, हे भटनागर यांनी कलिल रसायनशास्त्राच्या आधारे दाखविले. संतुष्ट झालेल्या कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा ते स्वतः न घेता त्यांनी विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनासाठी लावले. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू हे तिचे अध्यक्ष होते. त्यांच्या पाठिंब्याने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (३ जानेवारी १९५०), दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा (२१ जानेवारी १९५०), जमशेटपूरची धातुवैज्ञानिक, म्हैसूरची अन्न तंत्रविद्येची, लखनौची औषधी संशोधनाची अशा एकापाठोपाठ एक प्रयोगशाळा उघडल्या. या वेगाबद्दल टीकाही झाली. विद्यापीठांतील चांगली माणसे व पैसा इकडे ओढला जातो, असा मेघनाद साहा यांचा आक्षेप होता, तर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या इमारतींच्या मालिकेला ‘नेहरू-भटनागर परिणाम’ असे उपहासाने म्हटल्याचे सर्वश्रुत आहे. साहा यांच्या आक्षेपात तथ्य होते; विद्यापीठीय संशोधनाची नंतर जी उपासमार झाली, तिचे एक कारण हे होय. सध्या परिषदेच्या ३७ प्रयोगशाळा आहेत.

प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंत : एखादी रासायनिक विक्रिया काचेच्या चंबूत यशस्वी झाली म्हणजे ती कारखान्यातही होईल, असे नाही. एक लिटरच्या पात्राऐवजी त्याच आकाराचे हजार लिटरचे पात्र घेतले, तर आतील द्रव्य हजारपट होते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग केवळ शंभरपट वाढतो. चंबूत जी उष्णता न कळत निघून जात होती, ती मोठ्या पात्रात साठते व माल करपतो किंवा स्फोट होतो. ढवळण्याची क्रिया, कच्च्या मालातील अशुद्धी, पात्राचे क्षरण, दुय्यम उत्पादनांची विल्हेवाट हे प्रश्नही याच टप्प्यावर उभे राहतात. यासाठी मधल्या आकाराचे प्रायोगिक संयंत्र उभारून ते काही महिने अखंड चालवावे लागते. या टप्प्याला मूळ शोधाच्या कितीतरी पट खर्च येतो. शिवाय त्यातून निबंध प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे संशोधकास तो नीरस वाटतो आणि तो पुरा होण्याआधी पैसे गुंतविणे उद्योजकास धोक्याचे वाटते. आपल्या प्रयोगशाळांतील अनेक प्रक्रिया येथेच अडकून पडल्या. प्रयोगशाळांनी काढलेल्या प्रक्रियांचे परवाने उद्योगांना देण्यासाठी डिसेंबर १९५३ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन करण्यात आला. परंतु परवाना म्हणजे कागद, आणि कारखाना उभारणाऱ्यास कागदाबरोबर यंत्रांचे आराखडे व उत्पादनाची हमी हवी असते. परदेशी कंपनी अशी हमी देई, प्रयोगशाळा देऊ शकत नसे.

ज्या ठिकाणी ही दरी ओलांडली गेली, त्यांपैकी म्हशीच्या दुधापासून तयार केलेले बालान्न हे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. अर्भकांसाठीचे डबाबंद दूध त्या काळी आयात होत असे आणि ते गाईच्या दुधाचे असे. भारतात मात्र दुधाचा मोठा वाटा म्हशीचा आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सु. ७ टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट असतो. त्यात केसीन हे प्रथिनही अधिक असल्यामुळे ते अर्भकाच्या पोटात गेल्यावर त्याचा घट्ट गोळा बनतो व तो पचण्यास जड जातो. म्हशीच्या दुधाची भुकटी होणारच नाही, असेही मत परदेशी तज्ञांकडून ऐकविले जाई. ते खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या आणंद येथील दूधशाळेतील एच्. एम्. दलाया यांनी खोटे ठरविले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये तेथील भुकटीचा कारखाना सुरू झाला. बालान्नाचा प्रश्न म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेने सोडविला. दुधातील साय काढून स्निग्धांश कमी करणे, योग्य क्षार घालून गोळा मऊ व भुसभुशीत होईल असे करणे, जीवनसत्त्वे मिसळणे आणि मग दूध वाळविणे असे या प्रक्रियेचे स्थूल स्वरूप आहे. यांतील एकही पायरी विज्ञानाच्या दृष्टीने क्रांतिकारक नव्हती. संस्थेने प्रश्न अचूक ओळखला आणि आणंदमध्ये तिला दूध, कारखाना व बाजारपेठ ही तिन्ही असलेला ग्राहक लाभला, यातच यशाचे मर्म आहे. ‘अमूल’ या नावाने हे बालान्न बाजारात आल्यावर आयातीवर होणारे परकीय चलन वाचले. उरलेली साय अर्थातच लोण्याला गेली.

निवडणुकीत मतदाराच्या बोटाला लावली जाणारी शाई हे याहून साधे उदाहरण. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत विकसित झालेल्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेवरील मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते, ते उजेडाने काळे पडते आणि नखाची व त्वचेची वाढ होऊन जुना थर निघून जाईपर्यंत पुसले जात नाही. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. संस्थानी काळात १९३७ साली निघालेला म्हैसूरचा रंग व रोगण कारखाना ती बनवितो व अनेक देशांना निर्यातही करतो. येथे ग्राहक एकच, म्हणजे निवडणूक आयोग, आणि त्याची मागणी निश्चित. त्यामुळे मधली दरी फारशी जाणवली नाही.

‘स्वराज’ ट्रॅक्टरची कथा वेगळी आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९६५ च्या सुमारास लहान शेतकऱ्यास परवडेल असा ट्रॅक्टर संपूर्णपणे देशी आराखड्यावर तयार करण्याचे काम घेतले. यंत्र तयार होऊन कसोटीस उतरले. परंतु केंद्र शासनाच्या मालकीच्या पिंजोर येथील कारखान्यासाठी चेकोस्लोव्हाकियातील झेटर ट्रॅक्टरची निवड झाली. आपल्याच प्रयोगशाळेचे यंत्र शासनाच्याच कारखान्याने नाकारावे, हा प्रकार त्या काळी अपवादात्मक नव्हता. पुढे पंजाब राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने हा आराखडा स्वीकारला व १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी स्थापन केली. महत्त्वाची गोष्ट ही की, केवळ आराखडे पाठवून न थांबता चंद्रमोहन व त्यांचे काही सहकारी अभियंते दुर्गापूर सोडून त्या कंपनीत गेले. १९७४ मध्ये मोहाली येथे २६·५ अश्वशक्तीच्या ‘स्वराज ७२४’चे उत्पादन सुरू झाले. २००७ मध्ये मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाने या कंपनीचा ताबा घेतला. ट्रॅक्टरचे नाव मात्र कायम राहिले. तंत्रविद्या कागदावरून जाते त्यापेक्षा माणसांबरोबर अधिक खात्रीने जाते, याचा हा चांगला पुरावा मानला जातो.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा : पुण्याजवळ पाषाण येथे असलेल्या या प्रयोगशाळेचे पहिले दोन संचालक, मॅकबेन व फिंच, हे परदेशी होते. १९५७ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. ते मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रविद्या विभागातून आले होते. कृत्रिम रंगांवरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभर प्रमाण मानला जातो. त्यांच्यानंतर आलेले बा. द. टिळक हेही याच विभागाशी संबंधित होते. मुंबई-पुणे परिसरात वाढणाऱ्या रंग व औषधी उद्योगांशी या प्रयोगशाळेचा जो घरोबा जमला, त्याचे मूळ या गुरुशिष्य-परंपरेत आहे. एल्. के. दोरायस्वामी (संचालक १९७८–८९) यांनी रासायनिक अभियांत्रिकीवर भर दिला. विक्रियेचे पात्र कसे असावे व किती मोठे असावे, याचे गणित प्रयोगशाळेतच मांडले जाऊ लागल्यामुळे उद्योगाला प्रक्रियेबरोबर संयंत्राचा मूलभूत आराखडाही देता येऊ लागला.

याचे फळ उत्प्रेरकांच्या क्षेत्रात दिसले. झिओलाइट या वर्गातील सच्छिद्र ॲल्युमिनोसिलिकेटांच्या सूक्ष्म रंध्रांत ठराविक आकाराचेच रेणू शिरू वा बाहेर पडू शकतात. या गुणाचा उपयोग करून झायलिनांच्या मिश्रणातून कृत्रिम धाग्यांना लागणारे पॅरा-झायलीन अधिक प्रमाणात मिळविण्यासाठी पॉल रत्नस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक विकसित केला. त्याचे उत्पादन करण्यात असोशिएटेड सिमेंट कंपनी आणि वापर करण्यात बडोद्याचे भारतीय पेट्रोरसायन महामंडळ सहभागी झाले. शोधणारा, बनविणारा व वापरणारा असे तिघे प्रारंभापासून एकत्र असल्याने १९८० नंतरच्या दशकात हा उत्प्रेरक प्रत्यक्ष वापरात आला. याच कुळातील उत्प्रेरकाने अल्कोहॉल व बेंझीन यांपासून एथिल बेंझीन बनविण्याची प्रक्रिया विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्स या कंपनीने स्वीकारली. उसाच्या मळीपासून मिळणारे अल्कोहॉल हा देशी कच्चा माल असल्याने तिचे महत्त्व अधिक होते. प्रवाह उलटाही वाहिला. १९९० नंतर रघुनाथ माशेलकर हे संचालक असताना या प्रयोगशाळेची पॉलिकार्बोनेटविषयक पेटंटे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने परवान्यावर घेतली.

पेटंटे आणि औषधे : विज्ञानाचा लाभ जनतेस मिळण्यात कायद्याचा वाटा किती मोठा असतो, हे औषधनिर्मितीत स्पष्ट दिसते. १९७० च्या भारतीय पेटंट अधिनियमाने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर दिले जाऊ लागले. साहजिकच एखादे ज्ञात औषध निराळ्या मार्गाने बनविणे हे कायदेशीर आणि किफायतशीर काम ठरले. असे निराळे मार्ग शोधण्यात पुणे, हैदराबाद व लखनौ येथील प्रयोगशाळा निष्णात झाल्या. एड्सवरील झिडोव्हुडीन या औषधाची प्रक्रिया हैदराबाद येथील संस्थेत ए. व्ही. रामाराव यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झाली व मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. याच कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा संयुक्त उपचार वर्षाला ३५० डॉलर इतक्या किंमतीत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्यासाठी दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत होता. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा फरक होता. १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूवरही पेटंट मिळू लागल्याने हा मार्ग अरुंद झाला आहे. नवीन रेणू शोधण्यात मात्र यश तुरळकच. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली व १९९१ मध्ये विक्रीस आलेली ‘सहेली’ ही स्टेरॉइडविरहित गर्भनिरोधक गोळी हा त्यांतील ठळक अपवाद होय.

ग्राहक नसलेले संशोधन : काही कामांत विकत घेणारा कोणी नसतो आणि तीच अनेकदा सर्वाधिक निकडीची असतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८, १९७४ पर्यंतचे नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था) विकसित केलेली ‘नलगोंडा पद्धत’ अशांपैकी आहे. विहिरीच्या पाण्यात फ्लुओराइड अधिक असल्यास दात डागाळतात, हाडे ठिसूळ व वाकडी होतात आणि माणूस ऐन उमेदीत पंगू होतो. तेलंगणातील नलगोंडा जिल्हा यासाठी कुप्रसिद्ध आहे; विदर्भातही काही भागांत हा उपद्रव आढळतो. पाण्यात चुना व तुरटी मिसळून ते ढवळावे, बनलेले तंतुमय कण फ्लुओराइड घेऊन तळाशी बसू द्यावे आणि वरचे पाणी काढून घ्यावे, इतकी ही पद्धत साधी आहे. ती बादलीतही करता येते व गावच्या टाकीतही. तुरटी प्रत्येक स्वयंपाकघराला परिचित आहे, हाही तिचा एक गुण. तथापि तुरटीचे प्रमाण पाण्यागणिक बदलावे लागते, गाळाची विल्हेवाट लावावी लागते आणि हे काम रोज, न चुकता करणारा माणूस लागतो. असा माणूस व त्याचा पगार यांची तरतूद न झालेल्या गावांत पद्धत असूनही पाणी तसेच राहिले. स्वामित्वशुल्काच्या हिशेबात अशा संशोधनाची नोंद जवळजवळ शून्य येते.

लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचे पुदिन्याचे वाण त्यामानाने सुदैवी ठरले. रब्बीचे पीक निघाल्यावर व भातलावणीपूर्वी मोकळ्या राहणाऱ्या शेतात येणारे ‘कोसी’सारखे वाण उत्तर प्रदेशातील छोट्या शेतकऱ्यांनी उचलून धरले आणि मेंथॉल पुदिन्याच्या तेलात भारत जगातील अग्रगण्य निर्यातदार बनला. येथे वनस्पतीच्या वाणाबरोबर तेल गाळण्याच्या भट्टीची सुधारणाही गावापर्यंत गेली होती.

मूल्यमापन : परिषदेच्या कार्याची तपासणी करण्यासाठी वेळोवेळी समित्या नेमण्यात आल्या. १९८६ साली अहवाल देणाऱ्या आबिद हुसेन समितीने प्रयोगशाळांनी आपल्या खर्चाचा सु. एक-तृतीयांश भाग बाहेरील कामांतून मिळवावा, असे सुचविले. १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाली, तसे ‘परदेशात आहे ते येथे बनवा’ या प्रकारच्या संशोधनाचे प्रयोजनच पुष्कळसे संपले. १९९५ ते २००६ या काळात महासंचालक असलेल्या माशेलकर यांनी पेटंटांवर भर दिला. अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ मध्ये रद्द करविण्यात परिषदेला यश आले, ते याच कालखंडात. मिळकतीच्या अटीने प्रयोगशाळांना ग्राहकाकडे पाहण्यास भाग पाडले हे खरे. परंतु तिच्यामुळे पैसे देऊ शकणाऱ्याचा प्रश्न पुढे व नलगोंड्याचा प्रश्न मागे असा क्रम लागण्याचा धोकाही निर्माण झाला. नुसती पेटंटांची संख्या मोजणे तितकेच फसवे आहे, कारण न वापरलेल्या पेटंटाचे नूतनीकरण-शुल्क सरकारी तिजोरीतूनच जाते.

शिवाय काही लाभ दिसूनही येत नाहीत. रेल्वेचे व आकाशवाणीचे घड्याळ ज्या भारतीय प्रमाणवेळेवर चालते, ती राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आणवीय घड्याळे राखतात. १९५६ च्या अधिनियमाने देशात शेर व मण जाऊन किलोग्रॅम आला, तेव्हा प्रत्येक वजनाची परंपरा याच प्रयोगशाळेत जतन केलेल्या प्लॅटिनम-इरिडियमाच्या ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमपर्यंत पोहोचत असे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकावर आधारण्यात आली आहे आणि तो धातूचा ठोकळा आता दुय्यम प्रमाण म्हणून उरला आहे.